झाडू कोणाच्या हाती?

काम मुळातच हलके असते, की ज्याच्या माथी ते मारायचे त्या माणसाला हलके ठरविण्यासाठी ते हलके म्हटले जाते? हा प्रश्न आपल्या घरांना पुस्तक वाचून कळलेला नाही. आपल्या आजोबांनी तो गावकीच्या कामात भोगला. मेलेले ढोर ओढायचे ते आपण, चावडी झाडायची ती आपण, आणि त्याच्या मोबदल्यात शिळ्या भाकरीचे तुकडे घ्यायचे तेही आपणच. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते याच गुलामीच्या मुळावर घाव घालण्यासाठी. ती कामे सोडा, स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, हा त्यांचा आदेश आपल्या घराघरात पोहोचला. म्हणूनच आज माझ्यासारखा माणूस वर्गात खडू घेऊन उभा आहे. माझ्या घराण्यात विद्यापीठाची पदवी घेणारा मी पहिला.

पण झाडू हातातून सुटला म्हणजे प्रश्न सुटला काय? गेल्या काही वर्षांत माझ्या एका शिक्षकमित्रामुळे या प्रश्नाने मला पुन्हा गाठले. तो मित्र जपानमध्ये इंग्रजीचा शिक्षक म्हणून राहून आला. त्याची हकीकत आपल्यासारख्या कुटुंबांनी ऐकावी, अशी आहे.

मित्राची आई १९७२ च्या दुष्काळात लहानपणीच आईबापांबरोबर मराठवाड्यातून पिंपरीला आली. पुढे ठेकेदाराकडे रोजंदारीवर तिने या शहराचे रस्ते झाडले. पहाटे साडेपाचला ती हातात लांब दांड्याचा खराटा घेऊन निघायची. मुलगा शिकला, इंग्रजी घेऊन बी. ए. झाला, मग बी. एड. झाला. वस्तीतली माणसे त्याला ‘सर’ म्हणू लागली. मी तिला मावशी म्हणतो. त्या दिवसांत मावशी मला एकदा म्हणाली होती, “माझा खराटा माझ्याबरोबर सरणावर गेला तरी चालंल, पोराच्या हातात नको.”

जपान सरकार १९८७ पासून एक योजना चालवीत आहे. तिला थोडक्यात ‘जेट’ म्हणतात. निरनिराळ्या देशांतील पदवीधर तरुणांना जपानच्या शाळांत परदेशी भाषा, मुख्यतः इंग्रजी शिकवायला बोलावले जाते. आजवर सत्तर हजारांहून अधिक लोक या योजनेतून गेले. त्यांत भारतीय फार थोडे. करार एका वर्षाचा असतो आणि तो वाढवीत जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते. माझा मित्र २०२२ साली गेला आणि २०२५ साली परत आला. ओकायामा प्रांताच्या उत्तरेला त्सुयामाच्या बाजूचा डोंगराळ भाग आहे, तेथील लहान शाळांवर त्याची नेमणूक होती. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ते ज्या बागेच्या धर्तीवर केले आहे ती बाग याच ओकायामातली. पण बाग पाहणे वेगळे आणि त्या मातीत राहणे वेगळे.

तेथे त्याचा दिवस कसा जात असे ते प्रथम सांगतो. सकाळी शाळेच्या दारात बाहेरचे बूट काढायचे आणि आतले बूट घालायचे. शिक्षकांच्या खोलीत सर्वांची मिळून छोटी सभा. मग तास. परदेशी शिक्षक तेथे साहाय्यक असतो. वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाची. दोघे मिळून शिकवतात, परदेशी शिक्षक उच्चार करून दाखवतो, मुलांशी बोलतो, खेळ घेतो. २०२० पासून जपानच्या प्राथमिक शाळांत पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आहे, त्यामुळे अशा शिक्षकांना काम पुष्कळ. पहिल्या दिवशी मुलांनी त्याला विचारले, तुम्ही रोज करी खाता का? तुम्हाला काड्यांनी जेवता येते का? एका मुलाने विचारले, भारतातली माणसे इंग्रजी बोलतात का? इंग्रजीचा शिक्षक म्हणजे गोरा माणूस, अशी त्या मुलाची समजूत होती. मित्र हसला, पण त्याच्या मनात आले की जन्मावरून योग्यता ठरविण्याची खोड सगळीकडेच आहे. ज्याने भाषा आईच्या दुधाबरोबर घेतली तो खरा, आणि ज्याने रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून मिळवली तो दुय्यम!

दुपारी जेवण. शाळेच्या जेवणासाठी जपानमध्ये १९५४ सालापासून कायदा आहे. पण जेवण वाढायला तेथे शिपाई नसतो. पाळी असलेली मुले पांढरे झगे आणि टोप्या घालतात, मोठी भांडी वर्गात आणतात आणि सर्वांना वाढतात. शिक्षकही त्याच भांड्यातले, त्याच वर्गात, त्याच मुलांबरोबर जेवतात. वाढणाऱ्याची जात कोणी विचारीत नाही आणि जेवणाराचीही नाही. मित्राने पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा त्याचा घास घशात अडकला. आपल्याकडे शाळेच्या पोषण आहाराचे भांडे कोणाच्या हातचे, यावरून झालेल्या तंट्यांच्या बातम्या आपण अजूनही वाचतो.

जेवण झाले, थोडी सुटी झाली, की ध्वनिक्षेपकावर संगीत सुरू होते. हा सफाईचा इशारा. सगळी शाळा उठते. लहानमोठ्या वर्गांतली मुले गट करून आपापल्या जागी जातात. कोणी वर्ग झाडतो, कोणी जिना, कोणी ओले फडके दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून वाकून व्हरांड्यातून धावतो. एक गट संडास-मुताऱ्या धुतो. पंधरावीस मिनिटांचे काम. पाळ्या बदलत राहतात. शिक्षकही हातात झाडू घेतात, मुख्याध्यापकही.

त्या पहिल्या दिवशी माझा मित्र भिंतीला टेकून उभा राहिला. आपण परके, आपल्याला हे लागू नसेल, असे त्याने स्वतःला सांगितले. तेवढ्यात पाचवीतली एक मुलगी धावत आली आणि दोन्ही हातांनी, मान लववून, तिने त्याच्यापुढे एक झाडू धरला. ‘सेन्सेई’ म्हणाली. सेन्सेई म्हणजे गुरुजी.

तो मला म्हणाला, “त्या क्षणी माझे कान तापले. पिंपरीत कोणी माझ्यापुढे असा झाडू धरला असता, तर मी त्याचा हात धरला असता. त्या पोरीला यातले काय ठाऊक? तिने मला गुरुजी म्हणून झाडू दिला, आणि मला मात्र त्यात माझी जात दिसली.” त्याने झाडू घेतला, पण झाडले नाही. चार दिवस तो हातात झाडू धरून नुसता उभा राहत असे. पाचव्या दिवशी शेजारी मुख्याध्यापक गुडघ्यावर बसून जिन्याची पायरी पुसत होते, तेव्हा त्याला उभे राहणे अशक्य झाले. तो वाकला.

त्या रविवारी त्याने आईला फोनवर हे सांगितले. मी तेव्हा योगायोगाने मावशीच्या घरी होतो. मावशीचा चेहरा मी पाहिला. बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, “अरे राजा, मी झाडलं ते तुला झाडायला लागू नये म्हणून ना? मग इमानात बसून झाडायलाच गेलास व्हय?” आणि तिने फोन माझ्या हातात दिला.

या ठिकाणी पुष्कळ सुशिक्षित माणसे चटकन म्हणतील, ‘मावशीचे चुकले. श्रमाला प्रतिष्ठा असते.’ मी असे म्हणणार नाही. श्रमप्रतिष्ठेचे प्रवचन आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. ते करणारांच्या हातात आम्ही झाडू क्वचितच पाहिला. झाडणे हे पवित्र काम आहे, ती सेवा आहे, असे झाडणाऱ्याला सांगायचे आणि आपण खुर्चीवर बसून राहायचे, ही युक्ती बाबासाहेबांनी केव्हाच उघडी पाडली. जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच फाळणी आहे, हे त्यांनी १९३६ साली दाखवून दिले. मावशी ते पुस्तक वाचलेली नाही. पण तिच्या तळहातावरचे घट्टे तेच सांगतात.

मग जपानी मुलांच्या हातातला झाडू निराळा कसा? जपानी माणूस जन्मतःच समतावादी आहे काय? मुळीच नाही. हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण ‘बौद्ध देश’ म्हटले की आपण भाबडेपणाने सगळे चांगलेच मानतो.

जपानमध्येही अस्पृश्य होते. मेलेली जनावरे उचलणारे, कातडे कमावणारे, फाशीच्या जागी राबणारे लोक गावाबाहेर वस्त्या करून राहत. त्यांना आज ‘बुराकू’ वस्तीचे लोक म्हणतात. १८७१ साली सरकारने फर्मान काढून त्यांची हीनतादर्शक नावे रद्द केली. पुढे काय झाले? माझा मित्र ज्या भागात राहिला, त्याच भागात १८७३ साली शेतकऱ्यांनी दंगल केली. त्यांच्या मागण्यांत ते फर्मान मागे घ्या, ही एक मागणी होती. या वस्त्यांची शेकडो घरे जाळली गेली आणि १८ माणसे मारली गेली. त्या लोकांकडून आम्ही पूर्वीसारखेच नमून वागू, अशी कबुली मागण्यात आली. वाचकहो, यात जपान सोडून आपल्या एखाद्या गावाचे नाव घातले तर काय बदलेल?

१९२२ साली या लोकांनी क्योटो शहरात ‘सुइहेइशा’ म्हणजे समतेची संघटना स्थापली. त्यानंतर पाच वर्षांनी आपला महाडचा सत्याग्रह झाला. १९७५ साली असे उघडकीस आले की या वस्त्यांची नावे-पत्ते असलेली पुस्तके कंपन्यांना गुपचूप विकली जात होती. नोकरीला अर्ज करणारा कोणत्या वस्तीचा, हे पाहण्यासाठी. २०१६ सालीसुद्धा हा भेदभाव दूर करण्यासाठी तेथे कायदा करावा लागला. आणि आपण विशेष लक्षात ठेवावे असे एक दुःख आहे. जपानमध्ये बौद्ध विहारातील पुरोहित मृताला धर्मनाम देतात. अनेक विहारांत या वस्त्यांच्या मृतांना जनावर, हलका, अशा अर्थांची अक्षरे मुद्दाम घालून नावे दिली गेली. मेल्यावरही! १९७९ साली सोतो पंथाच्या एका बड्या अधिकाऱ्याने आंतरराष्ट्रीय परिषदेत, जपानमध्ये असा भेदभावच नाही, असे सांगितले. पुढे त्यांना ते शब्द मागे घ्यावे लागले, आणि त्या पंथाला आपली दप्तरे व थडगी तपासायला बसावे लागले. बुद्धाचे नाव भिंतीवर असले म्हणजे मनातली शिवाशिव गेली असे होत नाही. हे जपानला लागू आहे, आणि आपल्यालाही.

परक्याची वागणूकही माझ्या मित्राने सोसली. गाडीत सगळ्या जागा भरल्या तरी त्याच्या शेजारची जागा पुष्कळदा रिकामी राही. माणसे उभी राहत, पण बसत नसत. त्याला आपल्या आजोबांची आठवण येई. एस. टी. त त्यांच्या शेजारी असेच कोणी बसत नसे. घर भाड्याने घेताना तर परक्यांचे फार हाल. जपानी न्याय मंत्रालयानेच २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी दहांतल्या जवळजवळ चौघांनी आपल्याला परके म्हणून नाकारले गेल्याचे सांगितले. दुसऱ्या बाजूने महाराष्ट्रातूनच गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली टोकियोच्या एदोगावा विभागाच्या परिषदेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातील एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले, हेही खरे. म्हणजे तो समाज देवांचा नाही आणि राक्षसांचाही नाही. तो आपल्यासारख्याच माणसांचा आहे.

मग त्या शाळेतला झाडू माझ्या मित्राला अखेर का टोचेनासा झाला? त्याने स्वतःच मला तीन कारणे लिहून कळविली. पहिले, पाळी सर्वांना येते. डॉक्टरच्या मुलाला येते, मजुराच्या मुलीला येते, मुख्याध्यापकालाही येते. दुसरे, पाळी संपते. आज संडास धुणारा मुलगा पुढच्या पाळीला जिना झाडतो, आणि रोज वीस मिनिटांनंतर हात धुऊन पुन्हा पुस्तक उघडतो. झाडू त्याच्या नावाला चिकटत नाही. तिसरे, त्याने जेथे घाण केली तेथेच तो झाडतो. दुसऱ्याची घाण उपसण्यासाठी त्याला जन्म दिलेला नाही. त्याच्या गल्लीतही हीच रीत होती. जळणारा कचरा, प्लॅस्टिक, काच, डबे, प्रत्येकाचा वार ठरलेला. चुकीच्या दिवशी पिशवी ठेवली तर ती तशीच पडून राही. कचरा ठेवण्याची जागा झाडण्याची पाळी घराघरातून फिरे. पाटी आज या दारावर, पुढल्या खेपेला त्या दारावर. त्याच्याही दारावर ती आली. त्याच्या गाडीतल्या शेजारची जागा रिकामी ठेवणाऱ्या त्याच समाजाने कचऱ्याच्या पाटीत मात्र त्याला वगळले नाही!

म्हणजे समता ही जपानी रक्तात नाही. ती त्या पाळीच्या पाटीत आहे. जेथे पाटी फिरते तेथे समता आहे, जेथे थांबते तेथे ती संपते.

आता आपल्या भागाकडे येऊ. चाकणच्या कारखान्यात माझा धाकटा भाऊ कामाला आहे. तेथे भिंतीवर ‘फाइव्ह एस’ ची पाटी आहे. पिंपरी, भोसरी, चाकणच्या कामगारांना ती तोंडपाठ असते. हे पाचही शब्द जपानी आहेत, आणि त्यांतला एक ‘सेइसो’, म्हणजे सफाई. पाळी सुटण्यापूर्वी प्रत्येक कामगाराने आपले यंत्र आणि आपली जागा स्वतः पुसायची. माझा भाऊ पुसतो, त्याचा सुपरवायझरही पुसतो. मी त्याला विचारले, “आणि संडास?” तो म्हणाला, “त्याला ठेक्याची माणसं आहेत.” “ती माणसं कोण?” भाऊ गप्प झाला. त्यांची आडनावे त्याला ठाऊक होती, मलाही अंदाज होता. जपानचा झाडू समुद्र ओलांडून चाकणपर्यंत आला, आणि संडासाच्या दाराशी येऊन थांबला. तेथून पुढे आपली जुनी जातच कामाला लागते.

शाळांचे काय? मी लहान असताना आमच्या शाळेतही मुले वर्ग झाडीत. पण गुरुजी हाक मारीत ती आमच्या वस्तीतल्या मुलांनाच. बाकीची मुले ओट्यावर बसून पाढे म्हणत. मी झाडता झाडता ते पाढे ऐकून पाठ केले. तेव्हा कोणी मला श्रमप्रतिष्ठा शिकविली नाही. माझी जागा कोणती, तेवढे शिकविले.

म्हणून मित्राचे पत्र वाचून मी जेव्हा माझ्या वर्गात पाळी सुरू करायचे ठरविले, तेव्हा माझा हात कापला. हजेरीपटाच्या क्रमाने पाच-पाच मुले, मुलगे आणि मुली दोन्ही, आणि प्रत्येक गटाबरोबर मी. फक्त वर्ग आणि व्हरांडा. संडासाला पुरेसे पाणी आणि हातमोजे मिळेपर्यंत मुलांना तिकडे न्यायचे नाही, असे मी ठरविले. पहिल्याच आठवड्यात एका दिवशी दोन पालक आले. एक बाई म्हणाल्या, “आमच्या घरी मुलगा असली कामे करीत नाही.” दुसऱ्या बाई आपल्याच वस्तीतल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. म्हणाल्या, “सर, तुम्ही आपले असून माझ्या पोरीच्या हातात झाडू दिला?”

दोघींची तक्रार वरवर एकच. पण मी दोघींना एकच उत्तर देऊ शकलो नाही. पहिलीचा आक्षेप अहंकाराचा होता. तिला मी सांगितले, मुलाची पाळी चुकणार नाही. दुसरीचा आक्षेप जखमेचा होता. जखमेला तत्त्वज्ञान सांगू नये. मी तिला दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दाराशी उभे केले. तिने पाहिले, की मी झाडतो आहे, त्या पहिल्या बाईंचा मुलगा कचरा भरतो आहे, आणि तिची मुलगी फळा पुसून त्यावर तारीख लिहिते आहे. ती काही बोलली नाही. तिचे समाधान झाले, असे मी म्हणत नाही. तिने मुलीला शाळेत पाठविणे थांबविले नाही, एवढेच.

मावशीने मात्र काही महिन्यांनी स्वतःच हा प्रश्न सोडविला. मुलाचा फोन आला तेव्हा तिने विचारले, “तिथं सायबाचं पोरगंबी झाडतंय का?” तो म्हणाला, “हो आई, झाडतंय. साहेबसुद्धा झाडतो.” मावशी म्हणाली, “मग झाड बाबा. पण हितं आल्यावर आधी त्यांना झाडू दे. मग तू झाड.”

मला वाटते, या अडाणी म्हणविणाऱ्या बाईने सगळा विचार दोन वाक्यांत सांगितला. आधी कोण आणि मग कोण, या क्रमाला महत्त्व आहे. आपल्या धम्माच्या इतिहासातही हाच क्रम आहे. सुनीत हा झाडणारा होता. रस्त्यावरचा केरकचरा आणि सुकलेली फुले उचलून तो पोट भरी. तथागत समोरून आले तेव्हा तो भिंतीला चिकटून उभा राहिला. तथागतांनी त्याला, तुझे काम पवित्र आहे, तेच करीत राहा, असे सांगितले नाही. त्यांनी त्याला ‘भिक्खू, ये’ म्हटले. प्रथम त्यांनी त्याच्या हातातला जन्माचा झाडू सोडविला. मग संघात काय होते? तेथे विहार झाडण्याचे काम भिक्खूंचेच होते, राजघराण्यातून आलेल्यांचेही. आणि अतिसाराने आजारी पडून आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला कोणी विचारीत नव्हते, तेव्हा स्वतः तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला आपल्या हातांनी धुतले. लादलेला झाडू आधी सोडवायचा आणि मग वाटलेला झाडू सर्वांनी घ्यायचा. पहिली पायरी गाळून दुसरीचा उपदेश करणारा ढोंगी असतो. आणि पहिली पायरी चढून जो तेथेच बसतो, मी सुटलो आता दुसरा झाडील म्हणतो, त्याने जातीची शिडी मोडलेली नसते. तो तिच्यावर एक पायरी वर चढलेला असतो, इतकेच.

हे शेवटचे वाक्य मी आपल्यासाठी लिहिले आहे, आणि माझ्यासाठीही. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हातांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी त्या दिवशी आपण मोठ्या संख्येने तेथे जातो. आपल्या वस्तीतल्या विहारातही वंदनेला जमतो. पण विहार झाडतो कोण? बहुतेक ठिकाणी आपल्या आयाबहिणी. आपण पुरुष खुर्च्या मांडतो आणि भाषणे करतो. घरी सकाळी झाडू कोणाच्या हाती असतो? मुलीच्या. तिचा भाऊ तेव्हा झोपलेला असतो किंवा अभ्यासाला बसलेला असतो, आणि ती झाडता झाडता त्याचे पाढे ऐकते. हे वाक्य लिहिताना मला माझीच शाळा आठवली. जपानमध्येही हेच आहे असे मित्र सांगतो. शाळेत वाकून फरशी पुसणारा मुलगा मोठा झाला की घरकाम बायकोवर टाकून मोकळा होतो. तेथे ती पाटी घराच्या उंबऱ्याशी थांबते.

जन्मावरून काम वाटून देणे याला आपण जात म्हणतो आणि तिचा धिक्कार करतो. मुलगी म्हणून जन्मली एवढ्यावरून तिच्या हातात झाडू देणे, याला आपण काय म्हणणार?

मित्र परत आला तेव्हा मावशीने आपला जुना खराटा दाराआडून काढून दाखविला. तो तिने ठेवून दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राने घरातला साधा झाडू घेतला आणि खोली झाडली. मावशी उंबऱ्यात बसून चहा पीत होती. ती म्हणाली, “कोपऱ्यात राहिलाय बघ कचरा.” तीस वर्षे रस्ते झाडलेल्या बाईने बसून दुसऱ्याला झाडताना पाहण्याचा तो बहुधा पहिलाच दिवस असेल.

धम्मबांधवांनो, माझी विनंती लहान आहे. घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची आणि तथागतांची तसबीर असते. तिच्या खाली एक कागद चिकटवा. त्यावर घरातल्या सर्वांची नावे लिहा, वडिलांचे नाव पहिले, आणि पाळी फिरू द्या. तो कागद ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी आपले धर्मांतरही तेथेच थांबले असे समजा.

जय भीम.